डॉ. भाऊ दाजी लाड : संग्रहालय आणि कॅमेरा

मुंबईला गेल्यावर आपल्यापैकी अनेकांनी भायखळ्याची राणीची बाग पाहिली असेल. त्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. भाऊ नामांकित डॉक्टर आणि संशोधक होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. मुंबईतील छायाचित्रणाच्या आरंभीच्या दिवसांशीही त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा निकट संबंध होता. त्याची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. १८२२ साली गोव्यातील मांद्रे गावी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती. पुढे कुटुंब मुंबईला आले. भाऊंची बुद्धिबळातील हुशारी पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांच्या वडिलांना मुलास इंग्रजी शिकवण्याचा आग्रह केला. भाऊ एल्फिन्स्टनमध्ये शिकले. कच्छ-काठियावाडातील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधास बक्षीस मिळाले. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. बंधू नारायण हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी दवाखाना काढून गोरगरिबांवर मोफत उपचार केले.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुतेक इंग्रज होते. जे मोजके भारतीय होते, त्यांत भाऊ व नारायण ही नावे आढळतात. नारायण पुढे सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही गेले आणि त्यांनी काढलेली छायाचित्रे १८५७ मध्ये प्रदर्शनात मांडली गेली. इथल्या माणसांची चित्रे साहेब मंडळी घेत असत, त्या काळात एका मराठी माणसाने कॅमेऱ्यामागे उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती.

ते काम सोपेही नव्हते. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. काच वाळली की सारी मेहनत फुकट. ही रसायने डॉक्टरांच्या ओळखीची होती. कलोडियन जखमेवर लावत आणि सिल्व्हर नायट्रेटही औषधोपचारात वापरत. म्हणूनच त्या काळच्या छायाचित्रकारांत आग्र्याचे डॉ. जॉन मरे यांच्यासारखे डॉक्टर दिसतात.

वस्तू जशी आहे तशी पुढच्यांच्या हाती द्यावी, ही ओढ भाऊंच्या इतर कामांतही दिसते. शिलालेखांच्या जुन्या नकलांवर ते विसंबून राहत नसत. गिरनारसारख्या ठिकाणच्या लेखांच्या कामी त्यांनी जुनागढचे तरुण भगवानलाल इंद्रजी यांना हाताशी धरले. तेच पुढे मोठे पुरातत्त्वज्ञ झाले.

संग्रहालयाची हकीगतही अशीच आहे. मुंबईतील पहिला संग्रह फोर्टमधील बराकीत होता. १८५७ च्या धामधुमीत ती जागा सैन्यासाठी रिकामी करताना त्याची मोठी नासधूस झाली. त्यानंतर डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी नव्याने वस्तू जमवल्या. भाऊ, जगन्नाथ शंकरशेट आदींनी इमारतीसाठी वर्गणी उभी केली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात भाऊंचे स्वतःचेही मोठे नुकसान झाले. अखेर २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडले. ३१ मे १८७४ रोजी भाऊ निवर्तले. १९७५ साली संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले.

आपल्या सुरतेतही १८९० पासून संग्रहालय आहे. आज ते सरदार पटेलांच्या नावाने ओळखले जाते. पालकांनी मुलांना ते जरूर दाखवावे. पण संग्रह केवळ सरकारी इमारतीत होतो असे नाही. ऑगस्ट २००६ च्या महापुरात तापीचे पाणी घराघरांत शिरले आणि कित्येक कुटुंबांचे जुने फोटो भिजून गेले. जे वाचले, त्यांतील माणसे ओळखणारे आजी-आजोबा आज आहेत, उद्या असतीलच असे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसा. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. एक प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवा. भाऊंचे ऋण फेडण्याची ही एक छोटी वाट आहे, असे आम्हांस वाटते.