पण निवडून येईल का?

तिकीटवाटप सुरू झालं की ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हा शब्द तुमच्या कानावर पडतोच. माणूस चांगला आहे हो, पण निवडून येईल का? १९६० मध्ये अमेरिकेत जॉन एफ. केनेडींबद्दल अगदी हाच प्रश्न विचारला जात होता.

त्यांचा बायोडेटा बघा. जन्म १९१७चा, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रीमंत घरात. हार्वर्डची पदवी. महायुद्धात नौदलात. १९४३ मध्ये जपानी विनाशिकेनं त्यांची बोट कापली, तेव्हा जखमी सहकाऱ्याच्या जॅकेटचा पट्टा दातांत धरून ते पोहत बेटावर पोहोचले. २९व्या वर्षी खासदार, १९५२ मध्ये सिनेटर. आणखी काय हवं?

तरीही डेमोक्रॅटिक पक्षातले बुजुर्ग कचरत होते. एक तर वय कमी, त्यात केनेडी कॅथलिक! १९२८ मध्ये याच पक्षानं अल स्मिथ या कॅथलिक नेत्याला उभं केलं आणि सपाटून मार खाल्ला. त्या पराभवाला दारूबंदीचा वाद, देशातली आर्थिक तेजी अशी बाकीचीही कारणं होती. पण नेत्यांच्या डोक्यात धर्मच पक्का बसला.

तेव्हा प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला होणारं मतदान, मोजक्याच राज्यांत व्हायची. खरी सूत्रं नेत्यांकडे. त्यामुळे लिंडन जॉन्सन प्रायमरीच्या फंदात पडलेच नाहीत. केनेडींना मात्र पुरावा दाखवणं भाग होतं.

एप्रिलमध्ये त्यांनी विस्कॉन्सिन जिंकलं. पण तिथे कॅथलिक मतदार भरपूर, त्यामुळे शंका तशीच राहिली. मग आलं वेस्ट व्हर्जिनिया. कोळसा खाणींचं गरीब राज्य, कॅथलिक शंभरात जेमतेम पाच. इथे केनेडींनी विषय टाळला नाही. नौदलात जाताना आपला धर्म कुणी विचारला नव्हता, हे त्यांनी लोकांना थेट सांगितलं. घरचा पैसाही पाण्यासारखा ओतला, हेही खरं. १० मे रोजी त्यांना ६० टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि प्रतिस्पर्धी ह्युबर्ट हम्फ्री यांनी शर्यत सोडली.

नोव्हेंबरमध्ये केनेडींनी रिचर्ड निक्सनना हरवलं. पण देशभरातल्या जवळपास ७ कोटी मतांत फरक सव्वा लाखाहूनही कमी! म्हणजे नेत्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. चूक एवढीच, की ३२ वर्षांपूर्वीचा निकाल त्यांनी आजचा धरला होता. ४३ व्या वर्षी अध्यक्ष झालेल्या केनेडींची १९६३ मध्ये डॅलसमध्ये हत्या झाली.

आता तुमच्या कट्ट्यावर कुणी ‘ती काय निवडून येणार?’ म्हणालं, तर एवढंच विचारा: कशावरून? लोकांना विचारलंय, की तुम्हीच ठरवलंय?