ओठांवरून संवाद टिपणारे विनोदवीर बालकृष्ण

कन्नड चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ विनोदी आणि चरित्र अभिनेते टी. एन. बालकृष्ण यांनी पाचशेहून अधिक चित्रपटांत भूमिका केल्या. विनोदी संवादाची सारी मदार अचूक वेळ साधण्यावर असते आणि ती वेळ सांगतो तो कान. बालकृष्ण यांना मात्र ऐकू येणे अतिशय कमी होते. समोरच्या कलावंताच्या ओठांच्या हालचालींवरून त्याचे वाक्य कुठे संपते हे ते हेरत आणि नेमक्या क्षणी उत्तर देत. त्यांचे श्रवणदोष प्रेक्षकांना पडद्यावर कधी जाणवले नाहीत.

हासन जिल्ह्यातील अरसीकेरे येथे १९११ साली त्यांचा जन्म झाला. त्या काळच्या अनेक कन्नड नटांप्रमाणे तेही फिरत्या नाटक मंडळ्यांतून घडले. १९४३ च्या 'राधारमण' या चित्रपटाद्वारे त्यांनी रुपेरी पडद्यावर प्रवेश केला. कपटी सावकार, कारस्थानी नातलग आणि प्रेमळ वडीलधारा अशा परस्परविरोधी भूमिका त्यांनी सारख्याच सहजतेने वठवल्या. १९७२ च्या 'बंगारद मनुष्य'मध्ये नायक राजकुमार यांच्या पाठीशी उभा राहणारा राचुटप्पा ही त्यांची विशेष स्मरणात राहिलेली भूमिका.

कन्नड चित्रपटांपुढे त्या काळी अस्तित्वाचाच प्रश्न होता. मराठी चित्रपटाला कोल्हापूर व पुणे येथे स्वतःचे स्टुडिओ लाभले होते. कन्नड चित्रपट मात्र बहुतांशी मद्रासच्या स्टुडिओंत तयार होत. निर्मिती रोडावल्याने कलावंतांवर बेकारीचे सावट आले, तेव्हा बालकृष्ण, राजकुमार, नरसिंहराजू आणि जी. व्ही. अय्यर या चौघांनी कलावंतांचा संघ स्थापन केला. या प्रयत्नातून १९६० साली 'रणधीर कंठीरव' हा चित्रपट पडद्यावर आला.

बालकृष्ण तेवढ्यावर थांबले नाहीत. कन्नड चित्रपट कन्नड भूमीतच तयार व्हावा, या ध्यासाने त्यांनी १९६० च्या दशकात बंगळुरूच्या वेशीवर, केंगेरी परिसरात 'अभिमान स्टुडिओ' उभारला. त्यासाठी तत्कालीन म्हैसूर राज्य सरकारने सुमारे २० एकर जमीन दिली. तथापि, स्टुडिओ चालवणे हे एकट्या नटाच्या आवाक्याबाहेरचे ठरले. अभिनयातून मिळालेली कमाई त्यात खर्ची पडली आणि आर्थिक विवंचनेने त्यांचा अखेरपर्यंत पाठपुरावा केला.

१९ जुलै १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर ही जागा वेगळ्याच कारणाने चर्चेत आली. अभिनेते विष्णुवर्धन यांच्यावर डिसेंबर २००९ मध्ये येथेच अंत्यसंस्कार झाले आणि स्मारकावरून दीर्घकाळ वाद चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते स्मारक पाडण्यात आले. वादाच्या बातम्यांत जमिनीचा उल्लेख वारंवार झाला. ती ज्या हेतूने मिळवली गेली होती, तो हेतू मात्र मागे पडला. कन्नड चित्रपटनिर्मितीचे केंद्र पुढे मद्रासहून बंगळुरूला आले. त्या स्थलांतरासाठी सर्वप्रथम पदरमोड करणाऱ्यांत या विनोदी नटाची गणना होते.