जिनो वॉटकिन्स

हेन्री जॉर्ज वॉटकिन्स ऊर्फ जिनो वॉटकिन्स (२९ जानेवारी १९०७ – २० ऑगस्ट १९३२) हे ब्रिटिश ध्रुवप्रदेश संशोधक होते. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील इनुइट शिकाऱ्यांकडून त्यांनी कयाक ही कातडी होडी चालविण्याची आणि ती पाण्यात उलटल्यावर बाहेर न पडता पुन्हा सरळ करण्याची विद्या आत्मसात केली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी सीलच्या शिकारीसाठी एकटेच कयाकमधून गेले असताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा मृतदेह मिळाला नाही.

प्रारंभीचे जीवन

वॉटकिन्स यांचा जन्म लंडन येथे झाला. लॅन्सिंग कॉलेज या शाळेत व पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. आल्प्स पर्वतातील गिर्यारोहणाची गोडी त्यांना लहान वयातच लागली होती. अंटार्क्टिकाच्या मोहिमांत भाग घेतलेले भूवैज्ञानिक रेमंड प्रीस्टली यांची व्याख्याने केंब्रिजमध्ये ऐकल्यावर त्यांचे लक्ष ध्रुवप्रदेशाकडे वळले. १९२७ च्या उन्हाळ्यात, विद्यार्थिदशेतच, त्यांनी स्वालबार द्वीपसमूहातील एज बेटावर स्वतःची पहिली मोहीम नेली. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. १९२८-२९ मध्ये त्यांनी जे. एम. स्कॉट यांच्यासह लॅब्राडॉरच्या अंतर्भागाची पाहणी केली. तेथे कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून हिवाळी प्रवास करण्याचा अनुभव त्यांना मिळाला.

हवाई मार्ग मोहीम

इंग्लंडहून आइसलंड व ग्रीनलंडमार्गे कॅनडाला विमाने नेता येतील काय, हा त्या काळी मोठ्या उत्सुकतेचा प्रश्न होता. त्यासाठी ग्रीनलंडचा किनारा, तेथील हिमपठाराची उंची आणि वर्षभराचे हवामान यांची माहिती हवी होती. हे काम अंगावर घेऊन १९३० मध्ये वॉटकिन्स यांच्या नेतृत्वाखाली चौदा जणांची ब्रिटिश आर्क्टिक हवाई मार्ग मोहीम निघाली. शॅकल्टन यांनी आपल्या अखेरच्या मोहिमेत वापरलेले ‘क्वेस्ट’ हे जहाज आणि दोन लहान ‘मॉथ’ विमाने त्यांच्याजवळ होती. मुख्य तळ अंगमाग्सालिकच्या (आजचे तासीलाक) पश्चिमेस होता. नेत्याचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते आणि बहुतेक सहकारीही तरुणच होते.

मोहिमेचे एक निरीक्षणकेंद्र हिमपठारावर, किनाऱ्यापासून दूर आत होते. हिवाळ्यात तेथे पुरेसे अन्न पोहोचविता येईना, म्हणून ऑगस्टीन कोर्टोल्ड यांनी एकट्याने मागे राहण्याची तयारी दाखविली. डिसेंबर १९३० पासून सुमारे पाच महिने ते तेथे एकटे होते. अखेरच्या आठवड्यांत तर बर्फाखाली गाडल्या गेलेल्या तंबूत ते अडकून पडले होते. त्यांना आणण्यासाठी गेलेल्या तुकडीला केंद्र सापडले नाही. तेव्हा वॉटकिन्स स्वतः जॉन रायमिल व फ्रेडी स्पेन्सर चॅपमन यांना घेऊन निघाले आणि ५ मे १९३१ रोजी त्यांनी कोर्टोल्ड यांना सुखरूप बाहेर काढले. इंग्लंडमध्ये या सुटकेची इतकी चर्चा झाली की मोहिमेचे नकाशे व हवामानाच्या नोंदी हे मूळ काम तिच्या छायेत झाकले गेले.

कयाकची विद्या

शिकारीवर जगणाऱ्या लोकांच्या प्रदेशात राहायचे तर त्यांच्याच साधनांनी राहावे, ही वॉटकिन्स यांच्या कामाची पद्धत होती. ग्रीनलंडमध्ये या साधनांत कयाकला पहिला मान होता.

ग्रीनलंडमध्ये होडी बांधण्याजोगी झाडे नाहीत. सैबेरियातील नद्यांचे लाकूड ध्रुवीय बर्फाबरोबर वाहत पूर्व किनाऱ्याला लागते. त्यातून होडीचा सांगाडा तयार होई. सांधे खिळ्यांऐवजी कातडी वाद्यांनी बांधले जात आणि स्त्रिया त्यावर सीलचे कातडे ताणून शिवीत. मापे वापरणाऱ्याच्या अंगावरून घेतली जात, त्यामुळे एकाची कयाक दुसऱ्याला नीट बसत नसे. वल्हेही वाहून आलेल्या लाकडाचेच असे. ते दोन्ही टोकांना पाते असलेले, सुमारे दोन मीटर लांबीचे असून त्याची पाती हाताच्या मुठीत मावतील इतकी अरुंद असत. बर्फावर आपटून झिजू नये म्हणून पात्याच्या कडांना हाड बसवीत. नवख्याला हे वल्हे अगदीच बारीक वाटते. परंतु पाते मुठीत धरता येते, म्हणूनच हात सरकवून ते एका बाजूला पूर्ण लांबीने बाहेर काढता येते, आणि उलटलेली होडी सावरताना हीच लांबी उपयोगी पडते.

शिकारी कातड्याचा जलाभेद्य अंगरखा घालून होडीच्या तोंडाशी स्वतःला घट्ट बांधून घेई. भाला लागलेला सील पळताना दोरी अडकली किंवा आडवी लाट आली, तर होडी क्षणात पालथी होई आणि माणूस डोके खाली अशा अवस्थेत गोठणाऱ्या पाण्यात लटके. बाहेर पडून पोहणे म्हणजे काही मिनिटांत गारठून मरणे. अशा वेळी वल्हे होडीच्या कडेने पृष्ठभागावर आणायचे, पाते पाण्यावरून कमानीसारखे फिरवून त्यावर भार घ्यायचा आणि कमरेच्या झटक्याने आधी होडी सरळ करायची. धड व डोके सर्वांत शेवटी वर येते. घाबरलेला माणूस आधी डोके वर काढू पाहतो आणि तेथेच फसतो. वल्हे हातून सुटले तर भाला फेकण्याच्या फळीने किंवा नुसत्या तळहाताने होडी सरळ करण्याचे प्रकारही होते. सर्वच ग्रीनलंडवासी शिकाऱ्यांना हे साधत नसे. कयाकमधील मृत्यू हे तेथील पुरुषांच्या अकाली मरणाचे एक मोठे कारण होते.

वॉटकिन्स व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी स्थानिकांकडून कयाक तयार करवून घेतल्या आणि त्यांच्याकडूनच हे शिक्षण घेतले. वॉटकिन्स त्यात विशेष तरबेज झाले. होडी उलटवून सरळ करणारे पहिले युरोपीय म्हणून त्यांचा उल्लेख कधी कधी होतो, तो बरोबर नाही. ऑस्ट्रियाचे एडी हान्स पावलाटा यांनी १९२७ मध्येच केवळ पुस्तकी वर्णनांच्या आधारे हे साध्य केले होते. वॉटकिन्स यांचे वेगळेपण असे की त्यांनी ही विद्या मूळ शिकाऱ्यांच्या हाताखाली शिकून तिच्यावर पोट भरले. १९३१ मध्ये कोर्टोल्ड व पर्सी लेमन यांच्यासह त्यांनी उघड्या बोटींतून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला सुमारे ६०० मैलांचा वळसा घातला. त्या प्रवासात कयाकमधून केलेली शिकार हा अन्नाचा मोठा आधार होता.

अखेरची मोहीम व मृत्यू

१९३२ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना फाउंडर्स पदक दिले. अंटार्क्टिका पार करण्याची त्यांची योजना होती, पण आर्थिक मंदीमुळे पैसा उभा राहिला नाही. त्याऐवजी पॅन अमेरिकन एअरवेज या कंपनीच्या मदतीने ते त्याच वर्षी रायमिल, चॅपमन व क्विंटिन रायली यांच्यासह पुन्हा पूर्व ग्रीनलंडला गेले. निधी थोडा असल्याने बरोबरचे अन्नही मर्यादित होते आणि शिकारीवर भिस्त ठेवलेली होती. शिकारीचा मुख्य भार वॉटकिन्स यांच्यावर होता.

२० ऑगस्ट रोजी लेक फियॉर्ड येथील तळावरून ते एकटेच निघाले. त्याच दिवशी रायमिल व चॅपमन यांना त्यांची कयाक रिकामी, उलटी तरंगताना दिसली. जवळच्या एका हिमखंडावर त्यांची विजार व कयाकचा पट्टा सापडला. काय घडले असावे याविषयी तर्कच करावे लागतात. हिमनदीचा कडा कोसळून उठलेल्या लाटेने होडी उलटली असेल, किंवा ते हिमखंडावर उतरले असताना होडी वाहून गेली असेल आणि तिच्यामागे त्यांनी पाण्यात उडी घेतली असेल. विजार हिमखंडावर मिळाली, यावरून ते होडीबाहेर पडले होते एवढे नक्की. होडी सरळ करण्याचे कौशल्य माणूस होडीत बसलेला असेपर्यंतच उपयोगाचे असते. त्यानंतर दुसरी होडी जवळ असणे हाच एक उपाय, आणि त्या दिवशी ती नव्हती.

वारसा

रायमिल यांनी नेतृत्व स्वीकारले आणि उरलेल्या तिघांनी १९३३ पर्यंत मोहीम पूर्ण केली. पुढे १९३४ ते १९३७ या काळात रायमिल यांनी अंटार्क्टिकातील ग्रॅहॅम लँड मोहीम नेली. वॉटकिन्स यांच्या हाताखाली काम केलेले अनेक जण तिच्यात होते. लहान तुकडी, कुत्री आणि विमान ही त्यांचीच पद्धत तेथे वापरली गेली, आणि ग्रॅहॅम लँड हे बेट नसून खंडाला जोडलेला द्वीपकल्प आहे हे सिद्ध झाले. स्कॉट यांनी १९३५ मध्ये वॉटकिन्स यांचे चरित्र प्रसिद्ध केले. हवाई मार्ग मोहिमेच्या वेळी विमानातून दिसलेल्या पूर्व ग्रीनलंडमधील पर्वतरांगेला त्यांचे नाव देण्यात आले. तिच्यातील गुनब्यर्न फियल्ड (३,६९४ मीटर) हे उत्तर ध्रुववृत्ताच्या उत्तरेकडील सर्वोच्च शिखर आहे. १६ ऑगस्ट १९३५ रोजी त्यावर प्रथम पोहोचलेल्या गिर्यारोहकांत कोर्टोल्डही होते.