वकिली सोडून शेतात उतरलेला जेथ्रो टल

जेथ्रो टल म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर दोन-चार जणांना तरी बासरीवाला रॉक बँड आठवतो. मलाही हे नाव तिथूनच माहीत झालं. पण बँडने १९६८ साली घेतलेलं हे नाव एका इंग्लिश शेतकऱ्याचं आहे, आणि मेकॅनिकलवाल्यांनी तरी तो माणूस ओळखायला हवा.

टलचा जन्म १६७४ साली बर्कशायरमधल्या बॅसिल्डनचा. ऑक्सफर्डला शिकला, मग कायद्याचा अभ्यास करून १६९९ साली बॅरिस्टर झाला. पण तब्येत साथ देईना, म्हणून स्वारी ऑक्सफर्डशायरमधल्या शेतीकडे वळली. तेव्हा तिकडे बी मुठीने फोकून पेरायचे. कुठे दाट, कुठे विरळ! टलने मजुरांना चाऱ्याचं बी ओळीत पेरायला सांगितलं, तर त्यांनी साफ नकार दिला. मग त्याने मशीनच करायचं ठरवलं.

त्याला चर्चमधल्या ऑर्गनची आतली रचना माहीत होती. त्यातली खाच, जीभ आणि स्प्रिंग त्याने बी सोडायला वापरली. १७०१ च्या सुमाराला पेरणी यंत्र तयार झालं. सरी पाडायची, बी सोडायचं, वर माती ओढायची, ही सगळी कामं एका फेरीत, आणि तीही तीन ओळींत!

पुढे तब्येतीसाठी तो फ्रान्स-इटलीला गेला. तिथे द्राक्षमळ्यांत वेलींच्या ओळींमधली जमीन नांगरून भुसभुशीत ठेवतात, हे त्याने पाहिलं. परत आल्यावर हंगरफोर्डजवळच्या आपल्या शेतात त्याने गहू आणि सलगमला तोच प्रयोग केला. ओळींत मोकळी जागा सोडली आणि त्यातून घोड्याने ओढायचं कोळपं चालवलं. तण उपटलं जायचं, माती मोकळी व्हायची. १७३१ साली त्याने यावर पुस्तकही काढलं.

आता गंमत बघा. मुळं मातीचे बारीक कण खातात, म्हणून माती जितकी बारीक तितकं पीक जोमदार, अशी त्याची थिअरी होती. ती साफ चूक! शेणखतातून तणाचं बी येतं, म्हणून तो खतालाही नावं ठेवायचा. व्हायवाला नक्की उडाला असता. तरी मशीन चाललं, कारण तण गेलं की पाणी, अन्न आणि ऊन पिकालाच मिळतं.

मला त्याचं डोकं आवडतं ते यासाठी, की तण काढायचं अवजार चालायला आधी पेरणी सरळ हवी. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवीन नाही. बैलाची पाभर आणि मागून कोळपं ही जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. बटाट्यातही तेच. सरळ सऱ्या असल्या की भर लावतानाच मधलं तण मरतं. ट्रॅक्टरच्या त्याच अवजाराला टाकी आणि नोझल जोडलं, तर झाडाच्या रांगेतल्या तणावर औषधही त्याच फेरीत मारता येतं. औषध फक्त रांगेवर पडलं, तर ते लागतंही कमी.

मजूर आपलं यंत्र नीट वापरत नाहीत, याचा टलला शेवटपर्यंत राग होता. पण मला मजुरांची बाजूही पटते. ज्याचं पोट हाताच्या कामावर चालतं, त्याला हातांऐवजी आलेलं मशीन कसं गोड लागणार? टलने त्यांच्यासाठी काही वेगळा विचार केला असता, तर कदाचित त्याच्या हयातीतच यंत्र गावोगाव गेलं असतं. तो १७४१ साली वारला, आणि ओळीतली पेरणी इंग्लंडमध्ये सर्रास व्हायला पुढचं शतक उजाडलं.

तेव्हा मित्रांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला शेतीचं मशीन घेणार असाल, तर ड्रॉइंग काढण्याआधी एक दिवस बांधावर जा. जे ते चालवणार आहेत, त्यांच्याशी आधी बोला!