शिरक्यावरची साय आणि लुई पाश्चर

सँडीफोर्डमधील मराठी स्वयंपाकघरांतही आता सफरचंदाच्या शिरक्याची बाटली आढळते. न गाळलेल्या शिरक्याच्या तळाशी ढगासारखा गढूळ पुंजका दिसतो. वेष्टनावर त्याला ‘मदर’, म्हणजे शिरक्याची आई, म्हटलेले असते. ही आई खरोखरच जिवंत आहे, हे जगाला पटवण्यासाठी लुई पाश्चर यांनी आपल्या उमेदीची काही वर्षे वेचली.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल येथे झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातून परतून कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. बालपण आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी गेले. रसायनशास्त्रज्ञ म्हणून नाव झाल्यावर १८५४ मध्ये ते लील येथे विज्ञान शाखेचे प्रमुख झाले. तेथे बीटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल बिघडू लागला आणि त्याच्या पिंपांतील द्रव पाश्चर यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली आला. आंबण्याच्या क्रियेने त्यांना जे ओढले, ते कायमचेच.

१८५७ मध्ये ते पॅरिसला आले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी शिरक्याचा प्रश्न हाती घेतला. हवा लागली की मद्य आंबट होते, हे सर्वांना ठाऊक होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या मते ही निव्वळ रासायनिक क्रिया होती. ज्या लाकडी छिलक्यांवरून मद्यार्क ठिबकवून शिरका करीत, ते छिलके केवळ हवेशी संयोग घडवून आणतात, असे ते मानत. पाश्चर यांनी साधा प्रयोग केला. दोरीवरून सौम्य मद्यार्क ओघळू दिला. आम्ल झाले नाही. तीच दोरी शिरक्यावरच्या सायीत बुडवून घेतली, तेव्हा मात्र आम्ल तयार होऊ लागले.

ती साय म्हणजे आज ॲसिटोबॅक्टर आदी नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूंचे दाट वस्तीस्थान. हे जिवाणू हवेतील ऑक्सिजनच्या साह्याने मद्यार्कापासून आधी ॲसिटाल्डिहाइड आणि मग ॲसेटिक आम्ल बनवतात. ऑक्सिजन वरूनच मिळतो, म्हणून त्यांना पृष्ठभाग हवा. साय बुडाली की काम मंदावते. मद्यार्क संपला, तर हेच जिवाणू आम्लही जाळून त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. म्हणून शिरका वेळेवर काढून घ्यावा लागतो, हेही पाश्चर यांनी दाखवले.

ऑर्लेआँ शहरात आडव्या, अर्धवट भरलेल्या पिंपांत शिरका करण्याची जुनी परंपरा होती. पिंपांतील सूक्ष्म कृमी हवेसाठी सायीशी झगडतात आणि तिला बुडवतात, हे पाश्चर यांच्या ध्यानी आले. तयार साय मुद्दाम पेरण्याची पद्धत त्यांनी सुचवली. १८६१ मध्ये तिचे पेटंट घेऊन पुढे ती सर्वांना खुली केली. नोव्हेंबर १८६७ मध्ये ऑर्लेआँच्या शिरका-उत्पादकांसमोर त्यांनी हे सारे व्याख्यानातून मांडले आणि पुढल्या वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

ही वर्षे घरात शोकाची होती. १८५९ मध्ये थोरली मुलगी जान विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये धाकटी कामीय आणि १८६६ मध्ये सेसील. ऑक्टोबर १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली, तरी प्रयोगशाळा सुटली नाही. मद्याचा शिरका विशिष्ट जिवाणू करतो, तर विशिष्ट रोगही विशिष्ट जिवाणूमुळे होत असला पाहिजे, या विचाराला शिरक्याच्या पिंपांतून बळ मिळाले. आयर्लंडच्या कार्लो परगण्यात जन्मलेल्या जॉन टिंडल यांनी धूळमुक्त हवेच्या प्रयोगांनी त्यांच्या मताला मोठा आधार दिला.

१८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलावर पाश्चर यांनी लस वापरली; १८८८ मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते निवर्तले. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. त्यावर १८९७ मध्ये लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन हे त्याच संस्थेत घडले होते. परळच्या हाफकिन संस्थेची पाळेमुळे अशी शिरक्याच्या पिंपावर तरंगणाऱ्या एका सायीपर्यंत पोहोचतात.