शाहू नावाचे दोन राजे आणि आपले राजर्षी

२६ जून जवळ आला की वस्त्यांमध्ये बॅनर लागतात, मोबाईलवर अभिवादनाचे संदेश फिरू लागतात. फुले-शाहू-आंबेडकर हे शब्द आपल्या तोंडी इतके बसले आहेत की त्यातले शाहू नेमके कोणते, असा प्रश्नही कुणाला पडत नाही. पण छत्रपती शाहू महाराज म्हणून इंटरनेटवर शोधले तर दोन वेगळ्या राजांची माहिती एकत्र समोर येते. एक सातारचे, दुसरे कोल्हापूरचे. दोघांमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे एकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या फोटोखाली जाते. ही चूक लहान वाटली तरी तिच्यात आपला इतिहास पुसला जाण्याचा धोका आहे.

सातारचे शाहू हे संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे पुत्र. जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, तेव्हा सात वर्षांचे हे मूल आईसह कैद झाले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली आणि १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला. गादीसाठी त्यांना आपल्या काकू ताराबाई यांच्याशी लढावे लागले. त्या भांडणातूनच कोल्हापूरची गादी वेगळी झाली. १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर यांच्या सीमा ठरल्या. शाहूंच्या काळात मराठ्यांची सत्ता दूरवर पसरली, पण कारभाराची सूत्रे हळूहळू पेशव्यांकडे गेली आणि पेशवेपद एकाच घराण्यात वंशपरंपरागत झाले. १७४९ मध्ये त्यांचे निधन झाले.

म्हणजे कोल्हापूरची गादी ज्या शाहूंच्या विरोधात उभी राहिली, त्यांचेच नाव पुढे कोल्हापूरच्या राजाला मिळाले. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना इंग्रजांनी वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. तिथेच डिसेंबर १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. गादीला वारस नव्हता. तेव्हा राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक घेतला. २६ जून १८७४ ला जन्मलेल्या या मुलाचे १७ मार्च १८८४ रोजी दत्तविधान झाले आणि त्याचे नाव शाहू ठेवण्यात आले. गंमत अशी की दोघांपैकी कुणीही जन्माने शाहू नव्हते. सातारच्या शाहूंचे मूळ नाव आजोबांचे, म्हणजे शिवाजी होते आणि कोल्हापूरचे शाहू यशवंतराव होते. हे नाव दोघांनाही नंतर चिकटले. त्या नावाला अर्थ मात्र ज्याने त्याने आपल्या कामाने दिला.

राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी शाहूंनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी दरबारातील ७१ महत्त्वाच्या पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते. राज्य छत्रपतींचे आणि कारभार एका जातीच्या हातात, ही पेशवाईची घडी कोल्हापुरातही कायम होती. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजाचे विधी वेदोक्त न करता पुराणोक्त मंत्रांनी होत असल्याचे उघड झाले. प्रत्यक्ष छत्रपतीलाही पुरोहित शूद्र समजत होता. शाहूंनी हा केवळ आपला वैयक्तिक अपमान मानला नाही. वेदोक्त नाकारणाऱ्या राजोपाध्यांची इनामे त्यांनी काढून घेतली. राजाची ही गत, तर त्याच्या राज्यातल्या महार-मांग-चांभारांची काय असेल, या दिशेने त्यांचा पुढचा सगळा प्रवास झाला.

२६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. त्यातले अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१८ मध्ये महार वतन रद्द करून गावकीच्या वेठबिगारीतून महारांना मोकळे केले. १९१९ मध्ये सरकारी शाळा, दवाखाने, पाणवठे अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवले.

हुकूम कागदावर राहू नये म्हणून ते स्वतः रस्त्यावर उतरले. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी हॉटेल काढायला मदत केली आणि भर रस्त्यात तिथला चहा घेतला. राजाच पितो म्हटल्यावर सोबतच्या सरदारांनाही कप हातात घ्यावा लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मूकनायकसाठी त्यांनी अडीच हजार रुपये दिले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला बहिष्कृतांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. शाहू स्वतः तिथे आले आणि अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी मिळाल्याचे त्यांनी लोकांसमोर सांगितले. सत्ता हातात असलेल्या राजाने वंचितांचे नेतृत्व आपल्याकडे न ठेवता वंचितांतल्याच माणसाकडे सोपवले, याचे मोल आपण कायम लक्षात ठेवले पाहिजे. इथेही नावाचा घोळ होतो. परिषदेचे माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातले, हातकणंगले तालुक्यातले आहे. रायगड जिल्ह्यातले माणगाव वेगळे, आणि सातारच्या शाहूंचा जन्म त्या परिसरातला. नाव राजाचे असो वा गावाचे, तपासूनच लिहावे.

६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहूंचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने त्यांना राजर्षी ही पदवी दिली होती. दोन शाहूंमध्ये गोंधळ नको असेल तर हाच शब्द वापरणे सोपे. पण त्याचे कारण एवढेच नाही. नुसते छत्रपती म्हटले की डोळ्यांसमोर घोडा, तलवार आणि गादी येते. १९०२ चा जाहीरनामा, वसतिगृहे आणि माणगाव मागे पडते. आरक्षणाला विरोध करणारेही जयंतीच्या दिवशी त्यांच्या फोटोला हार घालू शकतात, ते याच सोयीमुळे.

म्हणून या २६ जूनला बॅनर लावताना फोटो आणि तारीख तपासा. जमल्यास फोटोखाली त्यांच्या एखाद्या हुकुमाची तारीख लिहा. वस्तीतल्या एका तरी मुलाला २६ जुलै १९०२ ला काय घडले ते समजावून सांगा. आपले शाहू कोणते, हे त्याला पुन्हा विचारावे लागणार नाही.