सर जगदीशचंद्र बोस आणि अदृश्य लहरी

सायंकाळच्या वेळी ढाणकीत फेरफटका मारला असता कित्येक घरांच्या गच्चीवर एखादा विद्यार्थी मोबाइल उंच धरून उभा असलेला दृष्टीस पडतो. घरात रेंज नाही, पाठ अर्ध्यावर अडला आहे, आणि खाली वडील नवा राऊटर घ्यावा की अँटेना बसवावी ह्या विवंचनेत आहेत. अशा वेळी ज्या थोर पुरुषाने ह्याच जातीच्या लहरी पकडण्याचे साधन आपल्या देशात प्रथम घडविले, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. त्यांचे वडील भगवानचंद्र हे वरिष्ठ सरकारी अधिकारी होते. अशा घरची मुले त्या काळी इंग्रजी शाळेत जात; परंतु परकी भाषा शिकण्यापूर्वी मुलास मातृभाषा व आपली माणसे कळावीत, ह्या हेतूने भगवानचंद्रांनी त्यांस बंगाली शाळेत घातले. तेथे एका बाजूस मुसलमान चाकराचा मुलगा व दुसऱ्या बाजूस कोळ्याचा मुलगा असे त्यांचे सोबती होते. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स विद्यालयात फादर लाफाँ ह्या जेझुइट धर्मगुरूंनी त्यांस प्रयोगांची गोडी लाविली. मिशनरी शिक्षकाच्या हातून असा शिष्य घडावा, ही आम्हां शिक्षकांस धन्यता वाटण्याजोगी गोष्ट होय. 1880 मध्ये ते वैद्यकी शिकण्यासाठी विलायतेस गेले; पण प्रकृतीने साथ न दिल्याने तो मार्ग सोडून त्यांनी केंब्रिज येथे सृष्टिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅले हे त्यांचे गुरू होते.

1885 मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. तेथे हिंदी अध्यापकास युरोपीय अध्यापकापेक्षा पुष्कळ कमी वेतन मिळे. जगदीशचंद्रांनी भांडण केले नाही, काम टाळले नाही. मात्र कमी वेतनास हात लाविला नाही. वडील कर्जात बुडालेले असतानाही तीन वर्षे ते विनावेतन शिकवीत राहिले. शेवटी सरकारने त्यांस मागील सर्व काळाचे पूर्ण वेतन दिले आणि त्यांनी त्यातून वडिलांचे ऋण फेडले.

प्रयोगशाळा म्हणून त्यांच्या वाट्यास एक अगदी लहानशी खोली आली. एका साध्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिरास हाताशी धरून 1894 मध्ये त्यांनी विद्युत्‌लहरींचे संशोधन आरंभिले. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ ह्यांनी ह्या लहरी 1888 पर्यंत सिद्ध केल्याच होत्या. पण त्या लांब असल्याने उपकरणेही मोठी लागत. बोस ह्यांनी अवघ्या 5 मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि त्या गोळा करण्यास कर्ण्याच्या आकाराचे तोंड वापरले. पानांमध्ये कथिलाचे वर्ख घातलेले आगगाडीच्या वेळापत्रकाचे पुस्तक लहरींच्या वाटेत धरून त्यांनी दाखविले की, पुस्तक एका रीतीने धरले असता लहर पार जाते, आणि तेच वळवून धरले असता अडते. 1895 मध्ये कलकत्त्यात भर सभेत त्यांनी लहरींच्या योगे भिंतीपलीकडील घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. 29 जानेवारी 1897 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. मित्रांच्या आग्रहाने एका लहरशोधक उपकरणाचे अमेरिकी पेटंट 1904 मध्ये त्यांच्या नावे झाले. पण त्यातून संपत्ती जोडण्याचा यत्न त्यांनी केला नाही. पुढे त्यांनी वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास केला, 1917 मध्ये बोस संशोधन मंदिर स्थापिले, आणि 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे देह ठेविला.

आता आपल्या गच्चीकडे वळू. मोबाइलच्या लहरी बोस ह्यांच्या लहरींहून बऱ्याच लांब असतात. 900 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 33 सेंटिमीटर, तर 2300 मेगाहर्ट्झची सुमारे 13 सेंटिमीटर. लांब लहर दूरवर जाते व भिंतीतून अधिक सहज शिरते. आखूड लहरीस विटा, पत्रे व दाट झाडी अधिक अडवितात. म्हणून प्रथम आपल्या कंपनीचा टॉवर कोणत्या दिशेस आहे व कोणत्या लहरी देतो हे पाहावे, आणि मोबाइल घेऊन खिडक्या व गच्ची तपासावी. पुष्कळदा राऊटर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेविल्यानेच काम भागते. न भागल्यास बाहेरचा अँटेना घ्यावा. मात्र राऊटरला तो जोडण्याची तोंडे आहेत काय, हे आधी पाहावे. दिशा ठाऊक असल्यास एकाच बाजूची लहर गोळा करणारा अँटेना उत्तम. नसल्यास चहूकडून घेणारा बरा. तो आडवा, उभा की तिरपा बसवावा ह्यानेही फरक पडतो. पुस्तकाच्या प्रयोगाचे मर्म हेच. केबल शक्य तितकी आखूड असावी, कारण लांब केबल मिळविलेले वाटेतच गमावते. टॉवरवरच गर्दी असेल तर महागडा अँटेनाही हतबल ठरतो. परवान्याविना रेंज वाढविणारा बूस्टर तर बसवूच नये. ते कायद्याविरुद्ध आहे, आणि त्याने शेजाऱ्यांची रेंज बिघडते.

विद्यार्थीमित्रहो, बोस ह्यांच्यापाशी पैसा थोडा होता, जागा त्याहून थोडी होती. पण लहरीचा स्वभाव त्यांनी जाणला होता, म्हणून साधा पत्रा व कथिलाचे वर्ख त्यांस पुरले. पालकांनी कष्टाचा पैसा दुकानदाराच्या हाती देण्यापूर्वी मुलाने एक दिवस गच्चीवर कागद-पेन्सिल घेऊन कोठे रेंज किती मिळते ह्याची नोंद करावी. ईश्वराने दिलेली बुद्धी अशी कामी लाविली, तर त्या थोर आचार्याचे स्मरण आपण खऱ्या अर्थाने केले असे आम्ही समजू.